टाकले म्हणजे सुटले नव्हे

हुबळीच्या गोकुळ रस्त्यावर, तारिहाळला किंवा धारवाडच्या बेळूर औद्योगिक वसाहतीत धातू वितळविणाऱ्या एखाद्या मालकाला, ‘तुमच्या भट्टीतील कीट कोठे जाते हो?’ असे विचारून पाहावे. उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘आमच्याकडे काही राहत नाही. गाडी येते आणि घेऊन जाते.’ उत्तर देणारा गृहस्थ दुष्ट नसतो. तो वेळेवर कर भरतो, जीर्णोद्धाराच्या वर्गणीत त्याचे नाव वरच्या पाच-सहांत असते, रथोत्सवात तो अनवाणी दोर ओढतो आणि समाराधनेच्या पंक्तीत वाढपाला उभा राहतो. गाडी गेली म्हणजे आपण कीटापासून सुटलो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत शास्त्राने खोटी आहे, कायद्याने खोटी आहे आणि व्यवहारानेही खोटी आहे, असे माझे म्हणणे आहे. ते मी येथे थोड्या कठोर शब्दांत मांडणार आहे. कारण असे म्हणणाऱ्यांत आपलेच आप्त पुष्कळ आहेत.

आधी कीट म्हणजे काय ते पाहू. उदाहरणासाठी मी ॲल्युमिनियम घेतो. ज्या टोपात आपल्या देवळाच्या स्वयंपाकघरात शंभर पानांची दाळितोय उकळते, तो टोप याच धातूचा. ६६० अंशांवर ॲल्युमिनियम वितळतो आणि वितळलेल्या रसाला हवा लागताच त्यावर राखट साय धरते. ही साय जाड होऊ लागली की कामगार तिच्यावर मीठ टाकतो. हे आपल्या ताटातले मीठ नव्हे. सोडियम व पोटॅशियम यांच्या क्लोराइडांत थोडे फ्लोराइड मिसळून केलेले ते मिश्रण असते. मग लांब दांड्याच्या पळीने तो ती साय ओढून काढतो. हेच कीट. धंद्यात यालाच ड्रॉस म्हणतात. भंगार जितके मळकट, तितके कीट अधिक. त्यात अडकलेला धातू असतो, धातूचे ऑक्साइड म्हणजे ॲल्युमिना असते, मीठ असते, आणि त्याखेरीज दोन द्रव्ये असतात ज्यांच्यामुळे ही राख साध्या राखेसारखी वागत नाही: ॲल्युमिनियम नायट्राइड आणि ॲल्युमिनियम कार्बाइड.

ही दोन्ही द्रव्ये पाण्याची वाट पाहत पडून असतात. नायट्राइडला पाणी मिळाले की अमोनिया सुटतो; कार्बाइडला मिळाले की मिथेन. उरलेल्या बारीक धातूशी पाण्याचा संयोग होऊन हायड्रोजन निघतो, आणि तोही पेट घेणारा. उन्हाळाभर कुंपणाशी निमूट पडलेला ढीग मृगाच्या पहिल्या सरीनंतर वाफाळू लागतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो आणि मीठ पाझरत शेजारच्या विहिरीकडे निघते. त्या ढिगावर बसून कीट कुटणारी, चाळणारी आणि त्यातले धातूचे खडे वेचणारी माणसे मालकाच्या हजेरीपटावर बहुधा नसतात. ती ‘गाडीवाल्याची माणसे’ असतात.

आता कायदा पाहू. तो माझा प्रांत. २०१६ चे घातक व इतर अपशिष्टांविषयीचे केंद्रीय नियम आपल्या कारखानदारांपैकी किती जणांनी मुळातून वाचले असतील याविषयी मला शंका आहे. सल्लागाराने भरून दिलेल्या नमुन्यावर सही करणे म्हणजे नियम वाचणे नव्हे. प्राथमिक व दुय्यम ॲल्युमिनियमच्या उत्पादनातून निघणारे कीट त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अर्थात कायद्याच्या दृष्टीने ते घातक अपशिष्ट आहे. त्याच नियमांतील चौथ्या नियमात कारखानदाराच्या कर्तव्यांचा एक क्रम दिला आहे. प्रथम ते निर्माणच होऊ न देणे, मग कमी करणे, मग पुनर्वापर, मग पुनर्चक्रण, मग त्यातून काही परत मिळविणे व त्याचा उपयोग करणे, आणि या सर्वांच्या शेवटी, काहीच शक्य नसेल तर, सुरक्षित विल्हेवाट. कायदेमंडळे आणि मंत्रालये पुष्कळ वेळा शब्द सैल वापरतात. येथे तसे झालेले नाही. ही पायऱ्यांची उतरंड आहे, आणि शेवटच्या पायरीवर पहिल्यानेच पाय ठेवणाऱ्याला ‘मी नियम पाळले’ असे म्हणण्याचा अधिकार नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो घेणारे लोक सज्जन आहेत. ते म्हणतात, ‘आम्ही बेकायदा गाडीवाल्याला देत नाही. परवानगी असलेल्या केंद्रात, थेट बेंगळुरूजवळ दाबसपेटला पाठवितो, पैसे मोजतो, पावती घेतो. आता आणखी काय हवे?’ त्यांची बरोबरी मी कुंपणापलीकडे कीट लोटणाऱ्यांशी करणार नाही. परंतु एक प्रश्न विचारतो. साडेतीनशे किलोमीटर डिझेल जाळून ज्याला तुम्ही प्लास्टिकच्या अस्तरात कायमचे पुरता, त्यात काय आहे हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? निम्म्याहून अधिक भाग धातूचा नाहीतर ॲल्युमिनाचा असलेली वस्तू तुम्ही पैसे देऊन पुरीत आहात. आणि तोच ॲल्युमिना चूर्णरूपाने पोत्यांत भरून, भट्टीच्या अस्तरासाठी, दुसऱ्या हाताने विकत घेत आहात. अशा घराला आपल्या आज्यांनी काय म्हटले असते ते लिहिण्याची गरज नाही.

कीटाचे चूर्ण कसे होते हे थोडे विस्ताराने सांगावयास हवे. कारण ‘हे सगळे प्रयोगशाळेतले’ असा समज आहे. कीट प्रथम दळून चाळतात. धातू मऊ असल्याने चेपला जातो व चाळणीवर राहतो. ठिसूळ ऑक्साइड खाली पडते. वरचा भाग पुन्हा भट्टीत जातो. खालची बारीक पूड बंद पात्रात पाण्याने धुतात. जो अमोनिया मोकळ्या माळावर गावाचा घसा धरतो, तोच येथे नळीने गंधकाम्लात घेतला म्हणजे अमोनियम सल्फेट होते, जे शेतकरी खत म्हणून विकत घेतो. मीठ पाण्यात उतरते; पाणी आटविले की परत भट्टीच्या कामास येते. मागे उरते ते मुख्यतः ॲल्युमिना आणि थोडे स्पिनेल. हे बाराशे अंशांच्या आसपास भाजले की त्याचा स्थिर, कठीण, पाण्याला दाद न देणारा प्रकार हाती येतो. मॅग्नेशिया मिसळून भाजले तर सगळेच स्पिनेल होते, जे दोन हजार अंशांच्या पलीकडेही वितळत नाही. चुन्याबरोबर भाजले तर कॅल्शियम ॲल्युमिनेट. पोलाद शुद्ध करताना त्याचा उपयोग होतो. वाळूच्या सिलिकाबरोबर योग्य प्रमाणात भाजले तर म्यूलाइट. भट्टीतील फरशा व आधार यांना ते लागते. युरोपात खारट कीट धुऊन मीठ व ऑक्साइड वेगळे करणारे कारखाने कित्येक दशके चालू आहेत. आपल्याकडे नागपूरला १९८९ पासून ॲल्युमिनियमच्या संशोधनाचे जवाहरलाल नेहरू केंद्र आहे आणि तेथे कीटाच्या उपयोगावर काम झालेले आहे. तेव्हा विद्या नाही ही सबब चालणार नाही.

अतिशयोक्तीही नको. उत्साही मंडळी सांगतात की या भुकटीपासून खुब्याचे सांधे आणि विमानाचे भाग होतील. ते होणार नाहीत. त्या कामी लागणारी शुद्धता कीटाच्या चूर्णाला परवडण्याजोग्या खर्चात येत नाही. या चूर्णाची जागा भट्टीच्या विटांत, अग्निसह गिलाव्यात, घासण्याच्या चाकांत आहे. ती जागा लहान नाही. आपल्याच भागातील ओतशाळांना, हुबळीच्या रेल्वे कार्यशाळेपासून बेळगावच्या उद्यमबागेपर्यंत आणि पुढे कोल्हापूरपर्यंत, हा माल रोज लागतो.

भूगोलाकडे पाहिले तर हसावे की रडावे कळत नाही. धारवाडपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर बेळगावचा ॲल्युमिना कारखाना. तेथे बॉक्साइटपासून ॲल्युमिना होतो आणि सिरॅमिकच्या धंद्याला लागणारे खास प्रकारही होतात. त्याच जिल्ह्यात खानापूर. तेथली माती, तेथली कौले आणि तेथली खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था मराठी वाचकांना सांगावयास नको. अलीकडे हुबळीत अभियांत्रिकी विद्यापीठ, धारवाडला २०१६ पासून आयआयटी. भाजणारे हात जवळ, तपासणारे डोळे जवळ, माल घेणारे गिऱ्हाईक जवळ. आणि कीट मात्र जाते दाबसपेटला किंवा नाल्यात.

बॉक्साइटच्या वाटेने मिळणारा ॲल्युमिना काही निष्पाप नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. एक टन ॲल्युमिना काढताना साधारण एक ते दीड टन लाल चिखल मागे राहतो. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये हंगेरीतील ओयका येथे अशा चिखलाचा बांध फुटून दहा माणसे गेली. २०१९ च्या एप्रिलमध्ये झारखंडातील मुरी येथेही असाच ढिगारा कोसळला. आमच्या २०१६ च्या नियमांनी लाल चिखलाला ‘प्रमाण मोठे, परिणाम अल्प’ अशा वर्गात घालून घातक अपशिष्टांतून वगळले आहे. हे विशेषण ओयकाच्या लोकांना वाचून दाखविण्याचे धाडस मला होणार नाही. कीटातून मिळविलेला प्रत्येक टन ॲल्युमिना तेवढा लाल चिखल वाचवितो, आणि या हिशेबाकडे मालकाच्या ताळेबंदात रकाना नाही.

आता विरुद्ध बाजूचे शुद्धतावादी. ‘विषारी वस्तू बाजाराच्या मालात मिसळणे हाच अधर्म’, असे ते म्हणतात. त्यांच्या भीतीला आधार आहे. ‘पुनर्चक्रण’ हा शब्द आज चोराच्या अंगावरील भगव्या वस्त्रासारखा झाला आहे. न धुतलेले कीट विटांच्या मातीत कालवून ‘पर्यावरणस्नेही वीट’ म्हणून विकणारे लोक आहेत. त्या विटा पाण्यात फुगतात, तडकतात आणि घरात अमोनियाचा वास सोडतात. परंतु याच कारणासाठी नवव्या नियमात अट घातली आहे: कोणत्याही घातक अपशिष्टाचा साधन म्हणून उपयोग करावयाचा तर केंद्रीय मंडळाच्या ठरीव कार्यपद्धतीनुसार आणि राज्य मंडळाच्या परवानगीनेच; आणि तशी कार्यपद्धती नसेल तर आधी चाचणी, मग मान्यता. दार बंद नाही, उघडेही टाकलेले नाही. दारावर पहारेकरी आहे. पहारेकरी झोपतो म्हणून दारच भिंतीने बुजवा, हा युक्तिवाद मी न्यायालयात ऐकला असता तर प्रतिपक्षाचे आभार मानले असते.

आणि तिसरे, आपले अभिमानी बंधू. त्यांना मी स्वतःच एक शस्त्र देतो. लोखंडाच्या कीटापासून मंडूर करण्याची रीत आपल्या रसशास्त्रात आहे. तापवून गोमूत्रात पुनःपुन्हा विझवून त्याचे भस्म करतात आणि वैद्य ते पांडुरोगावर देतात. धातूच्या मळापासून उपयुक्त चूर्ण, हेच ना? यावर कोणी उठून म्हणेल, ‘पाहा, पूर्वजांना सर्व ठाऊक होते.’ नव्हते. ॲल्युमिनियम धातू १८२५ साली डेन्मार्कात ओर्स्टेडने प्रथम वेगळा केला. त्याच्या कीटाची पूर्वजांना कल्पना असण्याचे कारण नाही. परंतु त्यांना दुसरी एक गोष्ट ठाऊक होती. शंभर वर्षे जुने कीट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे कनिष्ठ आणि त्याहून ताजे ते विषासारखे, असे ग्रंथकारांनी लिहून ठेवले आहे. कीट उपयोगी आहे आणि कीट घातक आहे, या दोन्ही गोष्टी एकाच श्लोकात सांगण्याइतका विवेक त्यांच्यापाशी होता. आमच्यापाशी पूर्वजांचा अभिमान आहे.

काही वर्षांपूर्वी एक लहान ओतकाम करणारे गृहस्थ नोटीस घेऊन माझ्याकडे आले. कीट त्यांनी एका गाडीवाल्याला दिले होते, गाडीवाल्याने ते एका ओढ्याकाठी ओतले होते आणि शेतकऱ्यांनी तक्रार केली होती. ‘माझा काय संबंध? मी तर पैसे देऊन ते काढून टाकले,’ असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. मी त्यांच्यापुढे तेविसावा नियम ठेवला: अयोग्य हाताळणीमुळे पर्यावरणाची वा तिऱ्हाइताची जी हानी होईल तिला अपशिष्टाचा धारक जबाबदार. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, ‘म्हणजे ते अजून माझेच आहे?’ होय. विकलेला माल गिऱ्हाइकाचा होतो. नीट न पोहोचविलेले कीट तुमचेच राहते.

अलीकडे एक नवे समाधान ऐकू येते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमातील कैदेची शिक्षा जाऊन दंड आला, तो दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. म्हणून आता भय नाही, असे लोक म्हणतात. त्यांनी राजस्थानातील बिछडी गावचा खटला वाचावा. रासायनिक कारखान्यांनी उघड्यावर टाकलेल्या गाळाने तेथील विहिरींचे पाणी लालसर झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व तेथे लागू केले; स्वच्छतेचा खर्च सुमारे ३७ कोटी रुपये ठरला; कारखानदारांनी अर्जांवर अर्ज करून वर्षे काढली, आणि २०११ साली न्यायालयाने ती रक्कम बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम दिला. दंडाला कमाल मर्यादा असते. जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाला नसते.

राहता राहिली लहान कारखानदाराची खरी अडचण, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. महिन्याला एक-दोन टन कीट निघणाऱ्या माणसाने धुण्याची पात्रे, वायू शोषणारे मनोरे आणि भाजण्याची भट्टी कोठून उभी करावी? शिवाय आठव्या नियमाने नव्वद दिवसांपलीकडे साठवणही करता येत नाही. एकट्याने ते होणार नाही, हे खरे. पण एकट्याने कधी काय झाले आहे? गदग त्या वेळी धारवाड जिल्ह्यात होते, आणि तेथल्या कणगिनहाळ खेड्यात १९०५ साली शेतकऱ्यांनी देशातील पहिली कृषी सहकारी पतसंस्था काढली. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांनी मुंबईत शामराव विठ्ठल यांच्या नावाची सहकारी पतसंस्था उभी केली. ती आज बँक आहे, आणि आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या वडिलांची पहिली ठेव तेथे होती. पाच रुपयांचे कर्ज न मिळणाऱ्यांनी एकत्र येऊन बँका काढल्या. कोटीची उलाढाल करणाऱ्यांना पन्नास भट्ट्यांमागे एक सामायिक केंद्र काढता येत नाही, हे मी कसे मानावे? जागा औद्योगिक वसाहतीत, परवाना एक, तपासनीस एक, आणि कीट आणणाऱ्याला वजनाप्रमाणे धातूचा मोबदला. त्यात अडचण भांडवलाची कमी आणि शेजाऱ्याच्या कीटाला हात न लावण्याच्या मानापमानाची जास्त आहे.

देवस्थानांच्या विश्वस्तांनाही मी यातून मोकळे सोडीत नाही. आपण निर्माल्यालासुद्धा विधी लावणारे लोक. कालचे फूल कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आपण जपतो. मग अन्नसंतर्पणासाठी वीस मोठे टोप खरेदी करताना, किंवा जुनी भांडी भंगारात मोडीला देताना, भाव विचारणारे विश्वस्त कीटाविषयी एक अक्षर का विचारीत नाहीत? मोडीतला तोच टोप दोन दिवसांनी भट्टीत जातो आणि त्यावर शिजलेल्या प्रसादाची काजळी कीटात उतरते. मोड घेणाऱ्याकडे मंडळाची परवानगी आहे काय, एवढा कागद मागावयास ठराव लागत नाही. कार्यवाहाचे एक पत्र पुरते.

कारखानदारांसाठीही एक कागद आहे. घातक अपशिष्ट हलविताना नमुना दहाचे पत्रक करावे लागते. नियमांत त्याच्या सात प्रती सांगितल्या आहेत, प्रत्येक वेगळ्या रंगाची. माल जेथे पोहोचला तेथल्या माणसाने सही करून पाठविणाऱ्याकडे परत धाडावयाची ती निळी प्रत. पुढच्या वार्षिक सभेत चहा येण्यापूर्वी, अध्यक्षांनी प्रत्येक सभासदाला गेल्या बारा महिन्यांतील निळ्या प्रती टेबलावर ठेवावयास सांगाव्या, आणि ज्यांच्यापाशी त्या नाहीत त्यांची नावे इतिवृत्तात लिहून घ्यावी. ती यादी हाती आली म्हणजे सामायिक केंद्राला भागधारक कोण मिळतील, हे शोधण्यासाठी दुसरी सभा बोलवावी लागणार नाही.